कॅप्टन शिकलगारांची रोजची चूक

आमच्या घरात तेव्हा एकच खोली होती आणि त्या खोलीच्या डोक्यावर कॅप्टन शिकलगार राहायचे. रोज सकाळी सहाला वरून खणखणीत आवाज यायचा.

"गॅस, बंद. बघितला. नळ, बंद. बघितला. मागची खिडकी, उघडी. बघितली. किल्ली, उजव्या खिशात. बघितली."

मग दार लागायचं. जिन्याच्या बारा पायऱ्या मोजत ते खाली यायचे आणि बाराव्या पायरीवर थबकायचे. की लगेच बारा पायऱ्या परत वर. कारण चष्मा यादीत नव्हता.

त्या एका खोलीत आम्ही पाच जण. आई, आबा, मी आणि दोन धाकटे भाऊ. स्टो, पाण्याचं पिंप, एक फळीचा पलंग आणि दोरीवर आबांचे शर्ट. आबा गगनबावड्याकडून कोल्हापूरला आलेले आणि शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत रस ओतायच्या कामावर. वितळलेल्या लोखंडाला तिथं रसच म्हणतात. ठिणग्या उडून उडून आबांच्या शर्टांची चाळण झालेली असायची. आई म्हणायची, "नवा शर्ट घिऊन उपेग काय? आठ दिसांत त्यातनं भात गाळाय येतोय." घरात वही उघडायला जागा नसायची, म्हणून माझा अभ्यास जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. हे मी लाजून सांगत नाही. ती पायरी अजून आहे, कुणालाही दाखवते.

पायरीवर मी बसलेली असले की कॅप्टनना मला ओलांडून जावं लागायचं. आमची ओळख झाली ती अशी. त्यांच्या पायांशी आधी, मग त्यांच्याशी.

शिवाजी पेठेत पैलवान पुष्कळ, फुटबॉलपटू त्याहून पुष्कळ, पण विमान चालवलेला माणूस एकच. त्यांचे वडील पेठेत दारोदार फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. मुलगा पायलट झाला, देशभर उडला आणि निवृत्त झाल्यावर बायकोला मातीत ठेवून परत वडलांच्या गल्लीत येऊन राहिला. एकुलती मुलगी नसरीन कॅनडात. पेठेनं त्यांना 'कॅप्टनचाचा' करून टाकलं. सगळे मान द्यायचे. कट्ट्यावर ते आले की पोरं पाय खाली सोडायची.

हा मान हेच त्यांचं दुखणं होतं. ते मला फार उशिरा कळलं.

त्यांची दोन वाक्यं पेठेत प्रसिद्ध होती. पहिलं, "व्हय की म्हणजे उत्तर न्हाय."

आता कोल्हापुरात 'व्हय की' वर बंदी घालायची म्हणजे अर्ध्या शहराची बोलती बंद करायची. पण कॅप्टन मागे हटत नसत. दूधवाला बाबू रोज सापडायचा.

"बाबू, उद्या म्हशीचं एक लिटर, गाईचं अर्धा."

"व्हय की."

"व्हय की म्हणजे उत्तर न्हाय. काय आणणार?"

"दूध."

"किती?"

"आता तुम्ही सांगितलं की ओ तेवढं."

"मी काय सांगितलं?"

मग बाबू किटली खाली ठेवायचा, घाम पुसायचा आणि शाळेत पाढा म्हटल्यासारखं म्हणायचा, "म्हशीचं एक, गाईचं अर्धा." कॅप्टन म्हणायचे, "बरोबर. जा." बाबू गल्लीच्या तोंडाशी जाऊन ओरडायचा, "जातो! जातो म्हटलंय! ऐकू आलं का?"

दुसरं वाक्य, "बोट कुठाय?"

त्यांचं म्हणणं असं की डोळे खोटं बोलतात, जीभ तर फारच खोटं बोलते, पण बोट खोटं बोलत नाही. जी गोष्ट तपासायची तिच्यावर बोट ठेवायचं आणि मग मोठ्यानं म्हणायचं. गॅसच्या टाकीवाला आला, बोट. लाइट बिल आलं, बोट. पुतण्याच्या निकाहात काझींनी तीनदा विचारून तीनदा 'कबूल' वदवून घेतलं, तेव्हा कॅप्टन शेजारच्याला अभिमानानं म्हणाले, "बघ. आमच्यात हे आधीपासनं हाय. विमानवाल्यांनी आमच्याकडनंच उचललंय." आणि नवरदेव सही करायला वाकला तसे मागून म्हणाले, "आधी बोट!"

ते एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्यावर लिहिलंच नसतं. असा कडक माणूस प्रत्येक गल्लीत एक असतो. कॅप्टनचं खरं वेड पुढंच होतं. ते रोज एक चूक करायचे. मुद्दाम, ठरवून.

खिशात एक छोटी निळी डायरी असायची. सकाळच्या चहाबरोबर त्या दिवसाची चूक तिच्यात लिहायची आणि मग दिवसभरात ती कुणापुढे तरी करायची. समोरच्यानं टोकलं, की डायरी उघडून त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं, "ही बघ. मुद्दाम केलती. पकडलीस!" आणि शर्टाच्या खिशातून एक लिंबाची टॉफी. विमान उतरायला लागलं की कान दुखू नयेत म्हणून प्रवाशांना देतात ना, तसली.

मला पहिली टॉफी मिळाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. कॅप्टन जिना उतरताना म्हणाले, "अभ्यास कर, अभ्यास कर. आज बुधवार. आज गणिताचा पेपर न्हाय का?"

मी वर न बघताच म्हटलं, "आज गुरुवार हाय."

आतून आईचा हात आला आणि माझ्या पाठीत बसला. "वैशे! मोठ्या माणसास्नी असं तोंडावर बोलत्यात?"

कॅप्टन दोन पायऱ्या मागं आले. "वैनी, हिला मारू नका," म्हणाले, "हिनं आत्ता विमान वाचवलं."

आईला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. मला वाटलं की टॉफी मिळवायची ही फारच सोपी पद्धत आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवून बसले. उलटा घातलेला स्वेटर, चुकीचा पाढा, 'कोल्हापूर पंचगंगेच्या काठावर नाही' असलं अचाट विधान. मी सोडत नव्हते. बाकी गल्ली मात्र सोडायची. कॅप्टनसाहेबांना चूक कोण सांगणार? "असंल त्यांच्यात तसं," म्हणायचे आणि पुढं जायचे.

सलूनवाल्या दत्ताचा किस्सा तर मी विसरणार नाही. कॅप्टनना चाळीस वर्षांची झुपकेदार मिशी होती. एके दिवशी खुर्चीत बसून ते म्हणाले, "दत्ता, मिशी काढ." ही त्या दिवसाची चूक. अपेक्षा अशी की दत्ता म्हणेल, काय बोलताय चाचा, मिशी काय काढता! दत्तानं क्षणभर आरशात बघितलं, वस्तरा हातात घेतला, आणि काढली.

कॅप्टन घरी आले ते रुमाल तोंडाला लावून. मी पायरीवर होते. रुमाल बाजूला झाला आणि मला हसू फुटलं.

"हसू नको," ते म्हणाले. "फेस लावला तेव्हा वाटलं आता बोलंल. वस्तरा लावला तेव्हा वाटलं, आता तरी बोलंल." मग नाकाखाली हात फिरवून म्हणाले, "अर्धी गेली तरी बोलला न्हाय गं. मग म्हटलं, आता अर्धी ठेवून काय करायचं."

दत्ताला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "मला काय कळत न्हवतं व्हय? पर एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर मी कोण इचारणार?"

त्यांची एकच चूक सगळ्या पेठेनं एका सुरात पकडली. तालमीच्या फुटबॉल संघाच्या सत्काराला ते पाहुणे होते आणि भाषणात त्यांनी विजयी संघ म्हणून हरलेल्या संघाचं नाव घेतलं. अख्खा मांडव उठून उभा राहिला. "ओ चाचा!" "माईक काढा!" "खाली बसवा त्यास्नी!" खुर्च्या सरकल्या. आणि कॅप्टन स्टेजवर दोन्ही हात पसरून, आनंदानं लाल होऊन उभे. त्या दिवशी टॉफ्या कमी पडल्या. नंतर आठ दिवस ते सांगत होते, "एवढी माणसं एकदम बोलली! फुटबॉलवाल्यांनी विमानं चालवाय पायजेत."

मी आठवीत असताना आबांचा पाय भाजला. साचा ओला होता. ओल्या साच्यात रस ओतला की आत वाफ कोंडते आणि लोखंड उसळून बाहेर येतं. डावं पाऊल घोट्यापर्यंत भाजून निघालं. आबा चार महिने घरात, त्या फळीच्या पलंगावर. आई दोन घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली आणि मी शाळेतून आल्यावर पट्टी बदलायची. ते दिवस कसे होते ते फार सांगत नाही. खोलीला मलमाचा वास होता आणि आबा भिंतीकडे तोंड करून असायचे, एवढं पुरे.

कॅप्टन रोज संध्याकाळी खाली येऊन पलंगाशेजारच्या पिंपावर बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "शिंदे, साचा ओला हाय हे तुम्हाला दिसलं होतं?"

आबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "व्हय."

"मग?"

"साहेब म्हणाले, वता. आता साहेबास्नी कसं सांगायचं, कॅप्टनसाहेब? ते शिकलेले."

कॅप्टन पिंपावर हलले. मी उंबऱ्यावर कांदा चिरत बसले होते. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी कुणाला सांगितलेलं नव्हतं, नसरीनलाही नाही.

"मी को-पायलट होतो तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "शेजारी साहेब. केस पिकलेले, हात असा की विमान उतरलं तरी कपातला चहा हलायचा न्हाय. आम्ही खाली उतरत होतो. खालून रेडिओवर हुकूम आला, तेरा हजार फुटांवर थांबा. मी ऐकलं. मीच परत म्हणून दाखवलं, तेरा हजार. पुढं एक बारकी खिडकी असते, आकड्यांची. तिच्यात जी उंची लावाल तिथं विमान जाऊन थांबतं. साहेबांनी लावली बारा."

आबांनी मान वळवली.

"नियम काय? एकानं आकडा लावायचा, दुसऱ्यानं त्याच्यावर बोट ठेवून म्हणायचा. मी बोट ठेवलं. मला बारा दिसलं, शिंदे. चक्क बारा. आणि मी म्हटलं, बघितलं."

"का ओ?"

"तुम्ही का न्हाय बोलला? तसंच. माझा बाप गल्लीत सुऱ्यांना धार लावत होता. साहेब बावीस वर्षं उडत होते. म्हटलं, त्यांना कायतरी ठाऊक असंल. चाळीस सेकंदं होती माझ्याकडं. तेरा हजार गेले. मागं पोराबाळांना टॉफ्या वाटत होते. आणि उजव्या अंगानं एक विमान आलं. खिडक्यांची रांग दिसली मला. एका खिडकीला पडदा ओढलेला होता. एवढ्या जवळनं."

"मग?"

"मग काय न्हाय. गेलं. कुणाला खरचटलं न्हाय. मंडळी टॉफ्या चघळत उतरली, कुणाला पत्ताबी न्हाय. चौकशी झाली. साहेब म्हणाले, चूक माझी, हा पोरगा रेडिओवर होता, ह्यानं आकड्यांची खिडकी बघितलीच न्हाय. मला वाचवलं त्यांनी. त्यांना परत उडू दिलं न्हाय. आणि मी तिथंबी गप्प बसलो. एकाच चुकीत दोनदा."

आबांनी हात लांब करून कॅप्टनच्या गुडघ्यावर ठेवला, एवढंच. मग कॅप्टन उठले आणि जाता जाता नेहमीच्या आवाजात म्हणाले, "म्हणून रोज एक चूक करतो. बघतो, कोण बोलतंय का. पेठेत एक तुमची पोरगी बोलते."

माझ्या बारावीनंतर चुलते म्हणाले, पोरीला आता कशाला पुढं. आबा थोरल्या भावापुढं गप्प. मी बोलले. मला बोलायची सवय होती. आठ वर्षांच्या टॉफ्या होत्या माझ्या पाठीशी. इंजिनिअरिंगला गेले, पास झाले आणि शिरोलीतच दुसऱ्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात लागले. दुसऱ्याच महिन्यात सुपरवायझर "ओता" म्हणाले आणि मी साच्यावर बोट ठेवून म्हटलं, "ओल आहे. ओतायचं नाही." ते माझ्याकडे असे बघत होते की जणू साचाच बोलला. साचा फोडून बघितला. ओला होता. आता आमच्याकडे प्रत्येक ओतण्याआधी दोन माणसं बोट ठेवून मोठ्यानं म्हणतात. नव्या पोरांना ते हास्यास्पद वाटतं. वाटू दे.

लग्न होऊन मी रंकाळ्याच्या बाजूला गेले, तरी कामावर जाताना आई-आबांकडे डोकावते. त्यांच्याकडे आता तीन खोल्या आहेत. डोकावलं की जिन्यात कॅप्टन भेटतात. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की आपल्याला टॉफ्या फार मिळतायत. आठवड्याला तीन, मग दिवसाला दोन. मी खूश. म्हटलं, म्हातारा ऐंशीच्या घरात रंगात आलाय.

एकदा त्यांनी विचारलं, "आबांची पट्टी काढली का गं?"

"चाचा, ती काढून वीस वर्षं होत आली."

"शाबास! पकडलीस!" म्हणाले आणि खिशात हात घातला. टॉफी काढायला त्यांना बराच वेळ लागला. डायरी मात्र त्यांनी उघडून दाखवली नाही. मी टॉफी पर्समध्ये टाकली आणि गाडीला किक मारली. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. शिरोलीच्या नाक्यापर्यंत मला सगळं कळलेलं होतं. तिथून पुढं मी दुसऱ्या गोष्टींचा विचार केला.

त्याच आठवड्यात नसरीनदीदीचा फोन आला. "वैशाली, अब्बा बरे आहेत ना? फोनवर कधीकधी तीच गोष्ट दोनदा सांगतात. काही असेल तर मी त्यांना इकडं घेऊन येते."

मी म्हटलं, "व्हय की. बरे हाईत की."

तिला हायसं वाटलं. मला अजिबात नाही.

मग एक दिवस आईनं भांडी घासता घासता सहज सांगितलं. वरून आवाज नेहमीसारखा येतो, 'गॅस, बंद. बघितला.' आणि ते फिरायला गेले की जिन्यात गॅसचा वास. चार वेळा झालं. आई त्यांच्या जादा चावीनं दार उघडून आपली बटण बंद करून येते.

"तू त्यांना सांगितलंस?"

आई माझ्याकडं बघतच राहिली. "एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं, वैशे?"

मी हात पुसले आणि जिना चढले. तिसरी पायरी, बारावी पायरी. कॅप्टन खिडकीशी खुर्चीत होते. मिशी पुन्हा झुपकेदार, आता पूर्ण पांढरी.

"ये. आज सोमवार, सुट्टी कशी काय तुला?"

"आज रविवार आहे, चाचा."

"पकडलीस!" हात खिशाकडे.

"टॉफी नको. डायरी काढा."

"कशाला? मुद्दाम केलती."

"चाचा," मी म्हटलं, "बोट कुठाय?"

उभ्या पेठेत हे वाक्य त्यांना आजवर कुणी म्हटलं नसेल. त्यांनी हळूच डायरी काढली, चष्मा लावला, पान शोधलं. आजचं पान कोरं. कालचं कोरं. त्यांनी एकेक पान मागं उलटलं. दोन महिने कोरे होते. शेवटी परत आजच्या पानावर आले आणि कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"कोरं," ते म्हणाले. "बघितलं."

मी खाली फरशीवर बसले. गॅसचं सांगितलं. चारही वेळा. मग माझंही सांगितलं, की पट्टीच्या दिवशीच मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. नसरीनदीदीला 'व्हय की' म्हटलं.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुझ्याआधी ठाऊक हाय. पहिलं पहिलं सकाळी चूक लिहायचो आणि करायची राहून जायची. मग लिहायची राहायला लागली आणि व्हायला लागली." ते हसले, पण नीट नाही. "पन्नास वर्षं लोकांना बोला म्हणून सांगितलं. स्वतःवर आली तर तोंड उघडंना. म्हटलं, कोण बोलतंय का बघू. दूधवाला गप्प. तुझी आई गप्प. रोज सकाळी वाटायचं, आज कोणतरी म्हणंल. खालून ऐकत असत्यात सगळी, मला ठाऊक हाय."

"मी पण दोन महिने लावले, चाचा."

"चाळीस सेकंदं सगळ्यांना लागत्यात." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नसरीन तिकडं घेऊन जाईल. चांगली हाय पोरगी. पर दिवसभर ती कामाला, आणि मी काचेतनं बर्फ बघायचा. तिथं बुधवारला गुरुवार म्हटलं तरी कोण न्हाय म्हणणार? तिथं माझ्या चुकीला माणूसच न्हाय, वैशाली."

मी फोन पुढं केला. नंबर त्यांनीच लावला, एकेका आकड्यावर बोट ठेवून.

"नसरीन. गॅस चालू राहिला. चार वेळा. मी बंद म्हटलं, बघितला म्हटलं. बघितला न्हवता."

पलीकडून दीदीचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "अब्बा, परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. एकही शब्द न गाळता.

हिवाळ्यात ती महिनाभर येऊन राहिली. डॉक्टरांना दाखवून झालं, औषधं सुरू झाली. कॅनडाच्या तिकिटाचं तिनं विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, दोघं दोन दिवस भांडले आणि शेवटी आईनं मध्ये पडून ठरवलं. रोज सकाळी सहाला आई वर जाणार, मी असले तर मी जाणार. एकट्यानं काही तपासायचं नाही. बाबूलाही सांगितलंय की चाचा चुकले तर तोंडावर सांगायचं. बाबू म्हणाला, "व्हय की," मग जीभ चावून म्हणाला, "तोंडावर सांगणार. चुकले तर."

जाण्याआधी दीदीनं कपाट आवरलं. निळ्या डायऱ्यांची चळत निघाली. तिनं त्यातली एक मला दिली. मी दहा वर्षांची होते त्या सालातली. एक पान दुमडलेलं होतं. वळणदार अक्षर.

'खालच्या पोरीसाठी. गुरुवारला बुधवार म्हणायचं. सोपी ठेवायची. पायरीवर बसलेली असते, तिला कुणी काय विचारत न्हाय.'

पुढची पानं चाळली. पाढ्याची चूक, खालच्या पोरीसाठी. स्वेटर उलटा, खालच्या पोरीसाठी. पंचगंगेच्या चुकीपुढं लिहिलं होतं, 'आता अवघड द्यायला हरकत न्हाय.'

मी ती डायरी त्यांना दाखवली नाही. त्यांना आठवलं असतं की नाही, माहीत नाही.

त्या पायरीवरच्या पोरीनं पदवी घेतली. आमच्या घराण्यात ती पहिली. कॅप्टन शिकलगार अजून आमच्या वरच राहतात. आज सकाळी त्यांचा गॅस बंद होता. दोघांनी बोट ठेवून बघितला.